बीपीची एकच गोळी द्या

“ताई, बीपीची एकच गोळी द्या. आज लई टेन्शन झालंय.”

सांगलीच्या गावभागात आमचं मेडिकल आहे आणि काउंटरला मी स्वतः बसते. वर्षातले काही दिवस असे येतात की ही मागणी सकाळी शटर उघडल्यापासून सुरू होते. मार्चअखेरीला बँकेतली, पतसंस्थेतली माणसं येतात. निकालाच्या आठवड्यात दहावी-बारावीच्या पोरांच्या आया. वाटणीच्या केसची तारीख लागलेले भाऊ, बिलं थकलेले ऊसवाले, लग्नघरातले वडील. आणि पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आमची सगळी गल्लीच. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना कृष्णेची इशारा पातळी आहे, ४५ फुटांना धोक्याची. २०१९ साली नदी ५७ फुटांवर गेली होती. तेव्हापासून मोबाइलवर तो आकडा फुटाफुटाने चढताना बघितला की माणसांच्या छातीत धडधडतं, डोकं जड होतं, घरातलं बीपीचं मशीन बाहेर निघतं, त्यावर १७० दिसतं आणि पावलं मेडिकलकडे वळतात.

त्यांची भीती खरी असते, डोकं खरंच ठणकत असतं. तरी ती सुटी गोळी मी देत नाही. बीपीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा कायदा आहे, ते एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि गर्दीच्या वेळी ते नीट सांगायला उसंत मिळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. टेन्शनने उसळलेलं बीपी त्या घटकेला खाली आणण्यासाठी या गोळ्या बनलेल्याच नाहीत. एखादी गोळी तर अशा वेळी जिवावर बेतू शकते.

राग आला, भीती वाटली, की ॲड्रिनल ग्रंथी आणि शरीरभर पसरलेल्या मज्जातंतूंची टोकं ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोरात आणि भराभर धडधडतं, कातडीतल्या आणि पोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त स्नायूंकडे वळतं. पळायचं किंवा भिडायचं असेल तर शरीराला हेच हवं असतं. या सगळ्यात बीपी वाढणारच. ते किती वाढू शकतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कॅनडात १९८५ साली वजन उचलणाऱ्या तगड्या पुरुषांच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असतानाच बीपी मोजलं गेलं. दोन्ही पायांनी वजन रेटताना त्यांची सरासरी ३२० / २५० च्या आसपास गेली आणि एकाचं तर ४८० / ३५० च्या वर. वजन खाली ठेवलं की काही क्षणांत आकडा उतरायचा.

टेन्शनसाठी मात्र वजन उचलायला लागत नाही, नुसता डॉक्टर दिसला तरी पुरतं. इटलीत मिलानच्या जुझेप्पे मान्चिया यांनी १९८३ साली रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचं बीपी सलग नोंदवत ठेवलं आणि डॉक्टर खोलीत आल्यावर काय होतं ते पाहिलं. पहिल्या चार मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं १५ ने चढलं. डॉक्टर तिथेच थांबले, तरी दहाएक मिनिटांत त्यातलं बरंचसं उतरलं. कसलंही औषध दिलेलं नव्हतं. आमच्या काउंटरसमोर एक स्टूल ठेवलंय ते यासाठीच. “काकू, बसा जरा. पाणी घ्या. मशीन आपण पंधरा-वीस मिनिटांनी लावू.” १७० घेऊन आलेल्या कितीतरी जणांचं बीपी त्या स्टुलावर बसून १४० च्या घरात आलेलं मी पाहते. त्यांना नवल वाटतं, पण बीपीचा हा रोजचाच स्वभाव आहे.

मग दुखणं कुठलं? मी पुलाच्या खांबाचं उदाहरण देते. पात्रातून होडी गेली की लाट खांबावर चढते आणि उतरते, नदीची पातळी काही त्याने वाढलेली नसते. घरात पाणी शिरतं ते पातळी वाढल्यावर. बीपीचंही तसंच. शांत बसलेलं असतानाही महिनोन्‌महिने जे बीपी १४० / ९० च्या वर राहतं, ते मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब करतं. दुकानात मिळणाऱ्या गोळ्या ही पातळी उतरवण्यासाठी आहेत.

आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अ‍ॅम्लोडिपिन घ्या. गिळल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जायला ६ ते १२ तास लागतात. शरीरातून ते निम्मं कमी व्हायला ३० ते ५० तास. रोज एक घेत गेलं तर आठवड्याभराने त्याचं प्रमाण रक्तात स्थिर होतं. म्हणजे संध्याकाळी भावाशी भांडण झालं म्हणून सात वाजता घेतलेली गोळी जोर धरते ती मध्यरात्रीनंतर, भांडण करणारे दोघेही झोपल्यावर. टेल्मिसार्टनचा पूर्ण गुण यायला तर चारेक आठवडे जातात. जे लोक टेन्शन आलं की गोळी आणि बरं वाटलं की बंद असं करतात, त्यांच्या शरीरात औषध कधीच नीट मुरत नाही. वर त्यांची समजूत अशी की मी गोळ्या घेतो, म्हणजे मला काळजी नाही.

रोज नियमाने गोळी घेतली तर टेन्शनची उसळी थांबते का? यावर एक अभ्यास आहे, मला तो फार आवडतो. न्यूयॉर्कमध्ये शेअर दलालीचं काम करणारे ४८ जण, एकटे राहणारे, सगळ्यांना उच्च रक्तदाब. कॅरन अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांनाच लिसिनोप्रिल सुरू केलं आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून निम्म्यांना एक कुत्रा किंवा मांजर पाळायला लावलं. सहा महिन्यांनी त्यांना तोंडी हिशेब करायला, भाषण करायला लावून ताण दिला. शांत बसलेलं असतानाचं बीपी गोळीने दोन्ही गटांत उतरलेलं होतं. ताणाखाली मात्र नुसत्या गोळीवाल्यांचं बीपी उसळलंच, घरी जनावर असलेल्यांचं लक्षणीय कमी उसळलं. २००१ साली हा अभ्यास छापून आला. घरोघरी मांजर पाळा, असं मला म्हणायचं नाही. गोळीचं काम कुठे संपतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

आता जिवावर बेतणाऱ्या गोळीबद्दल. जुनी माणसं अजून विचारतात, “ती जिभेखाली फोडायची कॅप्सूल आहे का?” ती निफेडिपिनची कॅप्सूल. एके काळी जगभर बीपी खूप वाढलं की ती टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. आकडा पंधरा-वीस मिनिटांत धाडकन खाली यायचा आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. पण ज्याचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे, त्याच्या मेंदूला रक्तपुरवठा होतो तो त्या वाढलेल्या दाबाच्या आधारावर. तो अचानक पडला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. अशा रुग्णांना अर्धांगाचे, हृदयविकाराचे झटके आल्याची आणि मृत्यूंची उदाहरणं गोळा करून १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांनी ही पद्धत बंदच करा अशी हाक दिली. तरी घराघरांत तिची आठवण टिकून आहे. काही जण तिच्याऐवजी सॉर्बिट्रेट खिशात ठेवतात. ती गोळी हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखतं त्यासाठी, आणि ती ठरलेल्या रुग्णालाच. टेन्शनने डोकं दुखतंय म्हणून जिभेखाली ठेवली तर बीपी पडून माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो.

बीपी तातडीने उतरवायची वेळ येतच नाही असं नाही. १८० / १२० च्या पुढे आकडा आणि त्यासोबत छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दिसणं अंधुक होणं, माणसाने भ्रमल्यासारखं बोलणं, यातलं काहीही असेल तर स्टुलावर बसवायचं नाही, मेडिकलमध्ये यायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. ही लक्षणं आकडा कमी असतानाही दिसली तरी तेच करायचं. रुग्णालयात औषध शिरेतून, मॉनिटरवर नजर ठेवून, माप बघत देतात. लक्षण काहीच नाही आणि आकडा तेवढा मोठा आहे, तर शांत बसून पुन्हा मोजायचं आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना गाठायचं.

मग टेन्शन आणि बीपी या दोघांवर एकदम चालणारं औषध नव्हतंच का कधी? होतं, आणि ते आपल्या मातीतलं होतं. ही गोष्ट औषधांच्या शिक्षणात चार ओळींत उरकतात, मला तिच्यावर थांबावंसं वाटतं. सर्पगंधा. आपले वैद्य तिचं मूळ भ्रमिष्ट झालेल्या, झोप उडालेल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या देत होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच वेड आणि वाढलेला रक्तदाब ही दोन्ही दुखणी शेजारी शेजारी होती. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमाँ सिद्दिकी त्या मुळातली अल्कलॉइड वेगळी काढत होते. पुढे मुंबईत, केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती आपल्या बीपीच्या रुग्णांना दिली, काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी बीपीवर जगात कुठेही धड औषध नव्हतं. मीठ तोडायचं, झोपून राहायचं, फार तर मणक्याशेजारचे मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया. मुंबईच्या या लेखाने जगाचे डोळे इकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना बीपीवरच्या कामासाठी मिळाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनाही, तेच औषध मनोरुग्णांना दिल्याबद्दल. मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूयॉर्कचा मानसोपचारतज्ज्ञ, दोघांच्या हातात औषध एकच.

रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांमधला नॉरॲड्रिनॅलिनचा साठाच रिकामा करतं. भीतीचा निरोप पोचवायला निरोप्याच उरत नाही. म्हणून बीपी उतरायचं आणि माणूस निवांत व्हायचा. पण मेंदूतलेही साठे त्यासोबत रिकामे व्हायचे. नाक चोंदणं, नाडी मंद होणं हे सोसण्याजोगं होतं. मोठी मात्रा बरेच दिवस घेतलेल्या काही रुग्णांना मात्र खोल उदासीनता आली, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले. मग वापर ओसरत गेला. तरी जाण्याआधी या मुळाने एक मोठं काम केलं. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध झाला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७० जणांना औषध नसलेली गोळी, ७३ जणांना खरी, आणि त्या खऱ्या औषधांत रेसरपिन होतं. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात दोघांना. लक्षण नसतानाही रोज गोळी का घ्यायची, या प्रश्नाचं पहिलं भक्कम उत्तर तिथे मिळालं. म्हणून “सर्पगंधा चूर्ण आहे का, ते काय झाडपाल्याचंच” असं कुणी विचारलं की मी सांगते, मामा, झाडपाला आहे म्हणूनच ताकदीचा आहे. बीपीच्या, नाहीतर मनाच्या गोळ्या चालू असताना वैद्य-डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

रेसरपिननंतरची पायरी स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांची. ॲड्रिनॅलिनचा साठा रिकामा करण्यापेक्षा त्याला हृदयावर जागाच मिळू द्यायची नाही, असा त्यांचा विचार होता. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रानोलॉल आलं, पहिलं मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलेलं बीटा ब्लॉकर. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. छातीतली धडधड आणि हातांची थरथर हे औषध खरोखर थांबवतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्याकडून एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदकं काढून घेतली गेली, कारण त्याच्या तपासणीत प्रोप्रानोलॉल सापडलं. पिस्तूल धरलेला हात स्थिर ठेवायला ते घेतात, म्हणून नेमबाजीत त्यावर बंदी आहे.

मग टेन्शनच्या बीपीवर हेच का नको? काही रुग्णांना डॉक्टर देतातही. नाडी सतत जलद चालणारे, अर्धशिशीवाले, थायरॉइड वाढलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. पण दम्याच्या माणसाची श्वासनलिका यातल्या प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्यांनी आवळू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तर एरवी धडधडून इशारा मिळतो, तो दबतो. आणि रोज घेणाऱ्याने एका दिवशी अचानक बंद केलं तर हृदयावर ताण उलटून येतो. अर्धांग टाळण्यात ही औषधं इतरांपेक्षा मागे पडतात असं दिसल्यावर ब्रिटनने २००६ पासून दुसरं कारण नसेल तर बीपीच्या पहिल्या पसंतीतून त्यांना मागे घेतलं. शेजाऱ्याला याच जातीतलं अ‍ॅटेनोलॉल मानवलं म्हणून त्याच्या पट्टीतल्या दोन गोळ्या आपण घ्याव्यात, असं हे औषध नाही.

माझ्या काउंटरखाली एक रजिस्टर आहे. शेड्यूल एच-वनचं, १ मार्च २०१४ पासून लागू झालेलं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांतलं अल्प्राझोलम या यादीत आहे. “बीपीची बारकी गोळी, रात्रीची” म्हणून लोक जी मागतात ती बऱ्याच वेळा हीच असते. ती बीपीची गोळी नाही. घेतल्यावर मन सैलावतं, झोप लागते आणि त्या ओघात आकडाही थोडा उतरतो, म्हणून गैरसमज होतो. काही आठवडे रोज घेतली की शरीर तिला सोडत नाही. एकदम बंद केली तर घाबरेपणा, निद्रानाश, थरथर आणि बीपी सगळंच पूर्वीपेक्षा जोराने परततं, क्वचित फिटही येते. साठी ओलांडलेली माणसं ही घेऊन रात्री लघवीला उठतात, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. ज्यांना सवय लागून गेली आहे त्यांना डॉक्टरांच्या सांगण्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

चिंता हाच ज्याचा मूळ आजार आहे, त्याच्यावर चिंतेचेच उपचार करायला हवेत. समुपदेशन, गरज असेल तर एसएसआरआय जातीची औषधं, ज्यांची सवय लागत नाही पण गुण यायला काही आठवडे लागतात. टेलीमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी तो काउंटरच्या काचेला चिकटवलाय. पुरुष तो मोठ्याने विचारत नाहीत. पैसे देताना मोबाइलवर फोटो काढून नेतात.

टेन्शनच्या नावावर खपणारी दुसरीही कारणं असतात, ती शोधणं हे माझ्या धंद्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम. “बीपी टेन्शनने वाढलंय” म्हणणाऱ्या मावशींच्या पिशवीत मी डोकावते. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक. सर्दीची फिनिलेफ्रिन असलेली गोळी. खोकल्यासाठी तोंडात ठेवलेलं ज्येष्ठमध, जे बरेच दिवस भरपूर खाल्लं तर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरवतं. पाण्यात फसफसणारी गोळी, जिच्यात सोडियम असतं. आणि पदराच्या गाठीत मिसरीची डबी. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिच्यातलं निकोटिन तेच काम करतं जे भीती करते. सकाळी उठल्या उठल्या मिसरी लावून लगेच मशीन बांधलं तर आकडा शांत कसा येईल? या सगळ्या गोष्टी डॉक्टरांना सांगा, असं मी एका कागदावर लिहून देते, कारण दवाखान्यात “दुसरं काही घेता का” विचारलं की यातलं काहीच ‘औषध’ म्हणून आठवत नाही.

नुसत्या टेन्शनने कायमचं बीपी लागतं का, यावर सरळ उत्तर नाही, पण एक अभ्यास मनात राहतो. इटलीच्या उम्ब्रिया भागात मारिओ टिमिओ यांनी मठात एकांतात राहणाऱ्या १४४ जोगिणी आणि त्याच भागातल्या १३८ संसारी बायका वीस वर्षं पाहिल्या. वयासोबत संसारी बायकांचं बीपी चढत गेलं, मठातल्यांचं जवळपास तिथेच राहिलं. आमच्या गल्लीतल्या बायकांना मठात पाठवता येणार नाही. पण रोजचा ताण झोप तोडतो, तोंडाला खारट लावतो, चहा-तंबाखू-दारूकडे नेतो आणि चालणं बंद पाडतो, या वाटेने तो पातळी वाढवतो, हे मला रोज दिसतं.

पातळी कळण्याचा मार्ग एकच, घरी नीट मोजणं. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवी करून या, पाठ टेकून आणि पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर. बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी ती १३५ / ८५ च्या खाली हवी. टेन्शन आल्यावर दर दहा मिनिटांनी पट्टा आवळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मशीन कपाटात ठेवा. तसा आकडा घाबरवण्यापलीकडे काही सांगत नाही.

दोघांच्या वह्या सांगते. एका शिक्षिकेचं दवाखान्यात दर वेळी १६० च्या आसपास भरायचं, घरच्या आठवड्याची सरासरी १२४. डॉक्टरांनी वही पाहून गोळी सुरू केली नाही, मीठ आणि वजन कमी करायला सांगितलं, आणि पुढे पुन्हा वर्षाला तपासायचं ठरवलं, कारण अशा माणसांत पुढे खरं बीपी सुरू होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. एसटीच्या एका चालकांचं नेमकं उलटं होतं. रजेच्या दिवशी तपासायला जायचे, १२८ यायचं, तब्येत ठणठणीत. ड्युटी संपल्यावर डेपोत बसून मोजलेले आकडे वहीत आले तेव्हा ते १५० च्या वर होते, रोज. दवाखान्यात लपणारं बीपी हे असं असतं आणि ते त्या शिक्षिकेच्या बीपीपेक्षा जास्त नुकसान करतं. त्यांना रोज सकाळी एक अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. घोट्यांना सूज येऊ शकते, आली तर मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवा, हे मी पट्टी देतानाच सांगितलं. आली थोडी. डॉक्टरांनी मात्रा निम्मी करून सोबत टेल्मिसार्टन जोडलं, सूज उतरली, ड्युटीनंतरचा आकडा १३० च्या घरात आला.

गणपतीला गावी जाताना ते दुकानात आले. “ताई, आता दहा दिवस गाडी नाय, साहेब नाय, टेन्शन नाय. गोळ्या बंद ठेवू का?” मी म्हटलं, भाऊ, या गोळ्या टेन्शनच्या नाहीत, तुमच्या बीपीच्या आहेत, ते तुमच्यासोबत गावी येणारच. सकाळची आंघोळ झाली की दोन्ही घ्यायच्या, इथल्यासारख्याच. त्यांनी चिठ्ठी पुढे केली आणि महिन्याभराच्या पट्ट्या बांधून घेतल्या.